शालनताई आणि कॅसेटमधला घोडा

शालनताई मोरे कुठलीही कॅसेट हातात घेतली की आधी नाकाला लावायच्या. कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे, टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमची. पिवळ्या, काळ्या नाहीतर करड्या प्लॅस्टिकची ती चपटी डबी यंत्राच्या खाचेत खुपसली की पडद्यावर गेम सुरू व्हायचा. आमच्या पिढीने तिला कॅसेटच म्हटलं, दुसरा शब्द आम्हाला माहीत नव्हता. तर शालनताई ती डबी नाकाशी धरून डोळे मिटायच्या आणि मोठ्ठा श्वास घ्यायच्या. मग समोरच्या माणसाला विचारायच्या, "घरात खाडीचं पाणी शिरलेलं का?" तो खाडीकाठच्या दिवा गावाहून आलेला असायचा, चाट पडायचा. "हो मावशी, गेल्या पावसाळ्यात. तुम्हाला कसं कळलं?" त्या उत्तर न देता स्क्रू काढायला लागायच्या.

कधी कधी मात्र साफ चुकायच्या. एकदा एका गृहस्थाला त्यांनी ठामपणे सांगितलं की तुमच्याकडे ही कॅसेट मासळीच्या पेटाऱ्यात पडून होती. तो माणूस जन्माचा शाकाहारी निघाला. वास शालनताईंच्याच ओट्यावर भिजत घातलेल्या सुकटीचा होता. त्या स्वतःच इतक्या हसल्या की तो बिचारा मान खाली घालून बसलेला माणूसही हसायला लागला.

माझी त्यांची गाठ पडली ती आई गेली त्या वर्षी. डोंबिवलीच्या घरात मी एकटीच उरले होते. भाऊ बंगळूरला, त्याचा संसार तिथे. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे डॉक्टर दातांचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कॅप आणि कवळ्या बनवतो. दिवसभर मान खाली, बोलणं कामापुरतं. संध्याकाळी घरी यायचं, कुकर लावायचा, आईच्या खुर्चीकडे न बघता जेवायचं. माळा आवरताना आमच्या लहानपणचा टीव्ही गेम सापडला आणि मला उगाचच वाटलं, हा चालू झाला तर बरं होईल. जेवताना समोर काहीतरी आपलं हलत असेल. जोडला, तर पडद्यावर नुसत्या विटा आणि उलटी अक्षरं. कल्याण स्टेशनजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याने यंत्र ठीक असल्याचं सांगितलं. "कॅसेट गेलीय मॅडम. हे काम आता कोणी करत नाही. कोळसेवाडीत एक मावशी आहेत, त्या करतात. पण बोलतात फार."

तो चुकीचं सांगत होता. त्या फार बोलत नसत. माणसं त्यांच्याशी फार बोलत.

कल्याण पूर्वेला, जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी टेबल, त्यावर भिंग, भिंतीला डब्यासारखा जुना टीव्ही, वर कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे रोजचं ताजं फूल. मी कॅसेट पुढे केली. त्यांनी ती हुंगली आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"फुंकर मारलीस ना?"

"हो. लहानपणापासून तसंच—"

"सगळ्यांनी मारल्यात. तोंडातली वाफ आत जाते, तांब्यावर हिरवं चढतं. कुणी शिकवलं गं तुम्हाला हे?"

"पण ताई, फुंकल्यावर चालायची."

"फुंकल्यामुळे नाही चालायची. काढून परत घातलीस म्हणून चालायची. बसली नीट, लागली. नाव फुंकरीचं झालं."

त्यांनी कॅसेट उघडली. आतल्या हिरव्या पट्टीच्या कडेला सोनेरी रेघा होत्या, त्यांना त्या 'दात' म्हणायच्या. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ते दात एकेक करून घासले, कापसाला स्पिरिट लावून पुसले, पट्टी उघडीच यंत्रात बसवली. पुन्हा विटा. मग त्यांनी आगपेटीतली काडी घेतली आणि गेम चालू ठेवून पट्टीवर इथे तिथे हलकेच दाबत गेल्या, डॉक्टर पोट दाबतात तशा. "दुखतंय का? इथे? इथे?" असं पुटपुटत होत्या. एका जागी काडी टेकली आणि पडद्यावरची उलटी अक्षरं क्षणभर सुलटी झाली.

"हां. इथे दुखतंय. ड्राय सोल्डर." भिंगाखाली मला दाखवलं. चिपच्या एका पायाभोवतीचं शिसं केसाएवढं तडकलं होतं. वरून जोडलेलं दिसत होतं, आतून सुटलेलं.

त्यांनी शिसं वितळवायची सोल्डरिंगची गन तापवली, हातात धरली, टोक जवळ नेलं. आणि ते टोक थरथरायला लागलं. थोडं नाही, चांगलंच. त्यांनी गन परत स्टँडवर ठेवली, पदराला हात पुसला, जणू हाताला घाम आला होता एवढंच.

"तू काय करतेस?"

मी सांगितलं.

"हात दाखव." त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. "मग कर तूच. तुझे पण दातच, हे पण दातच."

मी घाबरत गन धरली. त्या कानाशी बोलत राहिल्या. "शिसं ढकलायचं नाही. आधी जागा तापू दे. तापली की ते आपोआप धावत येतं. बघ... आलं की नाही?"

गेम लागला. माझ्या लहानपणीचं ते टिंगटिंग संगीत खोलीत वाजलं आणि मी पडद्याच्या अगदी जवळ सरकले. शालनताईंना काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी बटण बंद केलं. "थांब. गरम असताना सगळ्याच चालतात. थंड झाल्यावर चालली तर चालली म्हणायची. चहा घेतेस?"

ती कॅसेट थंड होईपर्यंत आम्ही चहा प्यालो, आणि त्या चहानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. कारण सांगायचं म्हणून सांगायचे की काम शिकायला जाते.

शालनताई तरुणपणी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होत्या. टेलिफोनचे सर्किट बोर्ड बनायचे तिथे. लांब टेबलांवर ओळीने मुली, प्रत्येकीपुढे दिवा आणि धूर. "आमच्या लाइनीत सगळ्यात बारीक काम माझ्याकडे. बाकीच्या गात गात करायच्या. मला गाता येत नव्हतं, म्हणून बारीक काम," असं त्या सांगायच्या. कंपनीचं गेट एक दिवस उघडलंच नाही. मग कल्याणात एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागल्या. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "मेकॅनिक कुठे गेले?" त्या म्हणायच्या, "चहा प्यायला. ठेवून जा." आणि तो गेला की टीव्ही उघडायच्या. मालकाने दुकान विकलं तेव्हा मागच्या कपाटातल्या दुरुस्तीला आलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या कॅसेटी घरी आणल्या, आणि हे घरचं काम सुरू झालं.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बस चुकली म्हणतात ना, तसं नाही झालं गं. मी स्टॉपवरच गेलेली नव्हते." पण घर अगदी रिकामं नव्हतं. मोठ्या बहिणीचा मुलगा प्रशांत शाळेत असल्यापासून त्यांच्याजवळ वाढला. बहीण आजारात गेली होती, तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. शालनताईंनी प्रशांतला इंजिनिअर केलं. तो आखातात, दोह्याला नोकरीला गेला, तिथेच स्थिरावला. आधी रोज फोन, मग रविवारी, मग सणावाराला. "कामं असतात," त्या म्हणायच्या. हे दोन शब्द त्या इतक्या सहज म्हणायच्या की त्यावर पुढे काही विचारायला जागाच उरायची नाही.

त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं म्हणजे पोटं सुटलेले, केस विरळ झालेले बाप्ये. त्यांना त्या 'मोठी मुलं' म्हणत. कुणी ठाण्याहून गाडी घेऊन यायचा, कुणी बदलापूरहून. कॅसेट दुरुस्त व्हायची तेवढ्या वेळात ही मोठी मुलं आपलं सगळं सांगून टाकायची. ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळचा एक जण मला आठवतो. त्याच्या कॅसेटमध्ये चिप नव्हती, नुसता डांबरासारखा काळा गोळा होता, स्वस्त मालात असतो तसा. तो आतून गेला तर काही करता येत नाही. शालनताईंनी सगळे उपाय करून बघितले आणि सरळ सांगितलं, "ही गेली, बाळा. ही नाही उठणार." तो मानेनेच बरं म्हणाला आणि उठला नाही. मग सांगायला लागला. हा गेम त्याचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा. भाऊ हंडीच्या वरच्या थरावर चढायचा, त्याला गल्लीत सगळे ओळखायचे. हंडीने त्याला काही केलं नाही, काविळीने नेलं. तो बोलत होता, शालनताई ऐकत होत्या. जाताना त्याने विचारलं, "मावशी, ही फेकू?" त्या म्हणाल्या, "कशाला? बंद पडलीय, जागा तर मागत नाहीये."

तो गेल्यावर त्यांनी कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले. आणि एक गेम टीव्हीला लावून तसाच सोडून दिला. खेळायला नाही. सुरुवातीचा पडदा यायचा आणि त्याचं संगीत फिरून फिरून वाजत राहायचं, त्या भाकऱ्या थापायच्या. मी म्हटलं, "ताई, बंद करू?" तर म्हणाल्या, "राहू दे गं. आत कोणीतरी खेळतंय असं वाटतं."

हात कधीपासून थरथरतो हे त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितलं. डोंबिवलीच्या एका मुलाची कॅसेट करताना टोक घसरलं, जास्त वेळ टेकलं आणि पट्टीवरची तांब्याची रेघच उचकटली. कॅसेट कायमची गेली. फोनवर सांगता आलं असतं, पण त्या रिक्षा करून त्याच्या घरी गेल्या आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "माझ्या हातून बिघडली." त्याने आत बसवून पाणी दिलं म्हणे. परत आल्यावर त्यांनी गन खोक्यात घालून पलंगाखाली सरकवली होती. माझी कॅसेट आली त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती बाहेर काढली होती.

असंच एका रविवारी त्यांनी कपाटातून एक वेगळा गेम काढला. हातात धरून खेळायचा, स्वतःचाच छोटा पडदा असलेला. प्रशांत शाळेत असताना खालच्या मजल्यावरच्या एकांनी आखातातून आणलेला. त्यात एकच कॅसेट, गावोगाव फिरायच्या गेमची. एक तरुण, त्याचा घोडा. माणसांशी बोलायचं, राक्षसांशी लढायचं, आणि थांबायचं असेल तिथे खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. ही खूण जपण्यासाठी त्या कॅसेटच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की खूणही जाते, सगळं पहिल्यापासून.

शालनताईंनी गेम चालू केला. एका खेड्यातल्या विहिरीपाशी तो तरुण उभा होता. वर नाव होतं, इंग्रजी अक्षरांत 'प्रशा'. शेजारी घोडा. घोड्याचं नाव 'शालू'.

"घोड्याला माझं नाव दिलेलं लबाडाने," त्या म्हणाल्या. "मला म्हणाला, मावशी, तूच तर मला सगळीकडे नेतेस."

प्रशांत दोह्याला गेला तेव्हा त्याने गेम या विहिरीपाशीच सोडला होता. तेव्हापासून त्या अधूनमधून चालू करायच्या, प्रशा आणि शालू विहिरीपाशी आहेत ना बघायच्या, आणि बंद करायच्या. कधी एक पाऊलही पुढे टाकलं नव्हतं. मागे एकदा बॅटरी संपत आली तेव्हा स्वतः बदलली होती. आता मीटर लावून बघितलं तर काटा पुन्हा खाली आला होता.

"हात देशील?" त्यांनी विचारलं. एरवी त्या सरळ काम सांगत, 'हे कर, ते धर'. हे त्यांनी विचारलं.

काम असं होतं की जुनी बॅटरी काढायची आणि नवी लावायची, पण मधल्या वेळात खुणेचा वीजपुरवठा क्षणभरही तुटता कामा नये. त्यासाठी बाहेरून दोन पेन्सिल सेल तारांनी जोडून ठेवायचे. "सलाईन लावून ऑपरेशन," शालनताई म्हणाल्या. तारा हलू नयेत म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कुठे आधी टेकायचं, कुठे अजिबात टेकायचं नाही, हे मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. आणि मग त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

"ताई, तुम्ही बघा ना इथे."

"नाही. झालं की सांग."

दुपारची वेळ. मी जुन्या बॅटरीची एक बाजू सोडवली, दुसरी सोडवतेय तेवढ्यात दारावर थापा. शेजारच्या वहिनी ओरडत होत्या, "शालनताई, पाणी आलंय! भरून घ्या, आज पाऊण तासच देणारेत!" त्या बिल्डिंगमध्ये पाणी आलं की माणसं जेवणावरून उठायची. शालनताई खिडकीतून हलल्या नाहीत. "येऊ दे!" एवढंच ओरडल्या.

नवी बॅटरी बसली. चिमटे काढले. मी म्हटलं, "झालं." त्यांनी वळून विचारलं, "थंड?" आम्ही थांबलो. नळाला पाणी येत होतं, जात होतं, सगळ्या मजल्यांवर बादल्यांचा आवाज. मग त्यांनी स्वतः बटण दाबलं. विहीर. प्रशा. शालू.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरायचा, त्यामुळे मला काही ठरवता येईना. मग म्हणाल्या, "आता मी नसले तरी पुष्कळ वर्षं चालेल. त्याला कधी आठवण झाली तर असावं."

त्या हिवाळ्यात प्रशांत आला. मित्राचं लग्न होतं ठाण्यात, बायको आणि लहान मुलगी सोबत. उतरले होते हॉटेलात, एक दुपार मावशीकडे जेवायला येणार होते. तो रविवार होता, त्यामुळे मीही तिथे होतेच. त्यांनी मटण केलं होतं, नवी चादर घातली होती आणि तो हातातला गेम टेबलावर असा ठेवला होता की येणाऱ्याला सहज दिसावा.

प्रशांत चांगला माणूस होता. आल्या आल्या वाकून पाया पडला, मावशीला घट्ट धरलं, "बारीक झालीस गं" म्हणाला. जेवण झाल्यावर त्याची नजर टेबलावर गेली.

"अगं, हे अजून आहे तुझ्याकडे?" त्याने चालू केला आणि जोरात हसला. "घोडा! शालू!" बायकोला दाखवलं. "आम्हाला वेड होतं याचं." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलून परत आला तेव्हा मुलगी कंटाळून रडत होती. त्याने गेम बंद करून टेबलावर ठेवला. "मावशी, हे सगळं आता फोनवर फुकट मिळतं गं. टाकून दे हा पसारा. घर बघ किती भरलंय."

"हो," त्या म्हणाल्या. "टाकते."

बॅटरीचं त्या बोलल्या नाहीत. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे बघून अगदी हळू नकाराची मान हलवली. मी उठून ताटं गोळा केली.

ते गेल्यावर मी भांडी घासली, त्या पुसत होत्या. मला त्याचा राग आला होता आणि तो राग बोलून दाखवावा असं फार वाटत होतं. शालनताई ताटल्या मांडणीत लावत म्हणाल्या, "दमलेला दिसला पोरगा. डोळ्यांखाली बघितलंस? काळं झालंय." त्या दिवशी त्यांनी संगीत लावून ठेवलं नाही. मी निघाले तेव्हा खोलीत दिवाही लावलेला नव्हता. मी जिन्यात थोडी थांबले, परत वर जावं का असा विचार करत. मग गेले नाही. त्यांना एकटं रडायचं असेल तर मी मधे कशाला, असं वाटलं. रडल्या की नाही, मला कधीच कळलं नाही.

पुढच्या रविवारी दार उघडलं ते त्यांनी हातात गेम घेऊनच.

"पुढे कसं जायचं गं?"

"म्हणजे?"

"अगं, किती वर्षं उभा ठेवलाय त्याला विहिरीपाशी. पाय दुखले असतील. घोड्याचे पण. प्रशांतला नकोय ना आता? मग मी नेते."

आणि शालनताई खेळायला लागल्या. आयुष्यभर गेम दुरुस्त केले, खेळल्या एकही नव्हत्या. सुरुवातीला प्रशाला भिंतींवर आपटवत फिरायच्या. थरथरणाऱ्या अंगठ्याने एकाऐवजी दोनदा बटण दाबलं जायचं, तरुण नको तिथे तलवार काढायचा आणि गावातल्या कोंबड्या पळायच्या. राजवाड्याचा पहारेकरी दर वेळी तेच वाक्य बोलायचा, तर त्याच्यावर खेकसायच्या, "अरे ऐकलं! पुढचं बोल!" शेजारच्या वहिनींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "शालनताईंकडे कोण राहायला आलंय का?"

इंग्रजी वाक्यं त्या एकेक अक्षर लावून वाचायच्या आणि अडलं की मला लॅबमध्ये फोन. माझ्या तोंडावर मास्क, हातात कुणाची तरी दाढ. "ऐक ना, तो म्हातारा म्हणतो नदीपलीकडे जा. पूल तर तुटलाय. आता?" मी म्हणायचे, फोनमध्ये बघून सांगते, सगळी उत्तरं असतात. त्या चिडायच्या. "बघू नको! मी विचारतेय तुझं डोकं चालवायला." मग आम्ही दोघी दिवसभर आपापल्या ठिकाणी त्या तुटलेल्या पुलाचा विचार करायचो. डोंबिवलीत रात्री जेवताना माझं आईच्या खुर्चीकडे लक्ष गेलं नाही, असं पहिल्यांदा झालं ते त्या पुलाच्या दिवसांत.

पूल ओलांडायचा नव्हताच मुळी. घोड्याला नदीत घालायचं होतं. घोडा पोहतो हे त्यांना आठ-दहा दिवसांनी कळलं आणि त्यांनी सकाळी सकाळी फोन केला, "अगं, शालूला पोहता येतं!" इतका आनंद मी त्यांच्या आवाजात आधी ऐकला नव्हता.

त्यांची साखर जुनी होती. पावसाळ्यानंतर पायाला जखम झाली, ती भरेना. मग मूत्रपिंडं थकली. कल्याणच्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी लॅबमधून सुटले की जायचे. गेम सोबत न्यायला त्यांनी नको म्हटलं, "इथे हरवेल." जवळजवळ रोज मी निघताना म्हणायच्या, "उद्या येऊ नको. एवढी वाट वाकडी करून कशाला? मी आहे इथेच." मी जायचेच. एका संध्याकाळी त्या फार थकल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, उद्या लवकर येते." त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ये."

इतक्या वर्षांत त्या मला 'ये' म्हणाल्या ते पहिल्यांदा. पहाटे दवाखान्यातून फोन आला.

प्रशांत दुपारच्या विमानाने पोचला. तोवर अंत्यसंस्कार थांबवले होते. पुढे काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेचा, कार्यक्रम विहारात झाला. भन्तेजींनी वंदना घेतली, खीर वाटली. मागे भिंतीला लागून बरेच अनोळखी पुरुष उभे होते, पोटं सुटलेले, हातात काय धरावं ते न सुचलेले. बिल्डिंगमधल्या लोकांना ते कोण ते कळेना. प्रशांतलाही कळलं नाही. एकेकाने येऊन त्याला नमस्कार केला, "मावशी होत्या आमच्या" असं काहीतरी म्हटलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला खोलीवर बोलावलं. मला वाटलं सामानाचं काही विचारायचं असेल. तो पलंगावर बसला होता, बूट न काढता. समोरची खुर्ची त्याने माझ्याकडे सरकवली. खालून रिक्षांचा आवाज येत होता.

"तुम्ही इथे येत होता," तो म्हणाला. "दर आठवड्याला ना?"

"हो."

"मग मला एक सांगाल? मी फोन केला की विचारायचो, मावशी, कशी आहेस. ती म्हणायची, मजेत. मी म्हणायचो, बरं." तो थांबला. "ती दिवसभर काय करायची हो?"

माझा त्याच्यावर राग होता. तो कुठे गेला, मला माहीत नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि सकाळपासून सुरुवात केली. उठल्या उठल्या त्या खिडकी उघडून समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना हात करायच्या, हे सांगितलं. ते आजोबा बहिरे होते, पण त्या रोज त्यांना हाक मारायच्याच, हेही सांगितलं. चहात आलं किती घालायच्या. पेपर शेवटच्या पानापासून वाचायच्या. बाजारात भाजीवालीशी कोथिंबिरीवरून भांडायच्या आणि नंतर तिच्याच गाडीशी उभ्या राहून तिच्या मुलीच्या परीक्षेचं विचारायच्या. प्रशांत हलला नाही. मी बोलत होते आणि मला जाणवत होतं की मला किती ठाऊक आहे, आणि हे सगळं ठाऊक असलेली मी एकटीच आहे.

मी दुपारच्या जेवणापर्यंत आले तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवलं. तो उठला, दार लोटून घेतलं, फोन बंद केला, बूट काढून भिंतीशी नीट ठेवले. मग येऊन पुन्हा समोर बसला.

"हं," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर?"